इंटरफेस कुठला ते नंतर. आधी सांग, तबला कधी वाजणार?

दादा, नमस्कार.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते, नोकरी हिंजवडीत. कवितांना चाली लावायचा नाद आहे. काही अभंग, काही नव्या कविता. स्वतःच पेटी घेऊन गाते, बाबा तबल्यावर असतात, धाकटा भाऊ कधीमधी गिटार घेऊन बसतो (त्याच्या गिटारला पिकअप आहे). आतापर्यंत सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, पण तबल्याची थाप जोरात पडली की माझा आवाज दबतो. आता घरीच नीट रेकॉर्डिंग करायचं ठरवलंय. सगळं मिळून बजेट १५ हजार.

माइक लॅपटॉपला जोडायला ऑडिओ इंटरफेस लागतो इथपर्यंत कळलं, पुढे गोंधळ. दुकानदार म्हणतो, १९२ किलोहर्ट्झवालाच घ्या. ऑफिसातला मित्र म्हणतो, डोळे मिटून लाल डबी घे. एका व्हिडिओत ऐकलं, की चांगला प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारा इंटरफेसमधला भाग) नसेल तर सगळं फुकट. बाबा म्हणतात, मोबाइल आहे की, कशाला खर्च! लॅपटॉप विंडोजचा आहे, ८ जीबी रॅम. आईच्या भजनी मंडळाचा एक माइक आणि स्टँड आमच्याकडेच असतो, तो चालेल का? एक इनपुट घेऊ की दोन? जुना घेतला तर? तानपुरा ॲपवर लावते. फ्लॅट रस्त्यालगत आहे. स्पीकरही घ्यावे लागतील का?

— पेटीवाली, कर्वेनगर

पेटीवाली, नमस्कार.

दोन इनपुटवाला घे. दोन इनपुट म्हणजे माइकच्या दोन जागा, हे दुकानात स्पष्ट विचारून घे. त्यातली गोम पुढे सांगतो. दुकानदार, मित्र, व्हिडिओ आणि बाबा अशा चौघांची मतं तू लिहिलीस, पण ज्या गोष्टीवर हा निर्णय ठरणार आहे ती पत्रात ओझरती येऊन गेली: बाबा तबल्यावर असतात. असतात म्हणजे कधी? तू गाताना समोर बसून, की तुझं गाऊन झाल्यावर कानात हेडफोन घालून?

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल जे काही सांगितलं जातं ते बहुतेक एकट्या माणसाला धरून सांगितलेलं असतं. आधी मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, क्लिक, त्यावर गिटार, त्यावर गाणं. एका वेळी एकच वाद्य, म्हणून एकच इनपुट पुरतो. नव्या कवितांच्या चाली ठरलेल्या लयीत बांधलेल्या असतील, तर त्या तुम्हालाही अशा करता येतील. अभंगाला ते मानवत नाही. तिथे तू एखादी ओळ जरा रेंगाळून म्हणतेस, बाबा ठेका धरून वाट बघतात, तू समेवर आलीस की उठाव घेतात, अंतऱ्यानंतर लग्गी लावतात आणि लय कुणाच्या लक्षात न येता किंचित चढते. हे सगळं तुमच्या एकमेकांकडे बघण्यावर चाललेलं असतं. क्लिक लावून एकेकट्याने केलंत तर सूर-ताल जागच्या जागी येतील आणि अभंग शाळेच्या कवायतीसारखा वाटेल.

म्हणून निदान पहिला टेक दोघांचा एकत्र व्हायला हवा. एक माइक तुला, एक तबल्याला. टेक चांगला आला तर तोच ठेवायचा. नाही आला तर तो कानात लावून बाबांनी तबला पुन्हा वाजवायचा, मग तू पुन्हा गायचं. लय तुमचीच राहते. माइकची एकच जागा असलेल्या डबीत हे होत नाही, आणि पैसे वाचवायला ती घेतलीस तर काही महिन्यांत दुसरी घ्यायची वेळ येईल.

तबल्याला दोन माइक लागतात असं कुणी सांगेल. स्टुडिओत लावतात, डग्ग्याला वेगळा आणि तबल्याला वेगळा. घरी एक पुरतो: दोन्हींच्या मधोमध, समोरून, हातभर अंतरावर आणि थोडा वर. डग्गा जास्त घुमत असेल तर माइकचं तोंड जरासं तबल्याकडे वळवायचं. बाबांना विचारून, ऐकून, इंचा-इंचाने हलवा. या हलवण्यात जेवढा फरक पडतो तेवढा दोन कंपन्यांच्या इंटरफेसमध्ये पडत नाही. चार इनपुटचे इंटरफेस मिळतात, पण मग चार माइक, चार स्टँड, चार केबल हेही आलं. १५ हजारांत तो विषय नको.

पेटीचं मात्र दुखणं आहे. तू वाजवत गातेस, म्हणजे तुझ्या आवाजाच्या माइकमध्ये पेटी येणारच, आणि एकदा आलेली पेटी नंतर स्वच्छ वेगळी काढता येत नाही. एक तर पेटी आधी रेकॉर्ड करून घे आणि मग नुसतं गा. नाहीतर दोन्ही एकत्रच घे आणि तोल माइकच्या जागेने साध. माइक खालून वर, तोंडाकडे रोखलेला ठेवलास तर त्याची पाठ पेटीकडे येते, आणि गाण्याचे बहुतेक माइक कार्डिऑइड असल्यामुळे पाठीमागचं सगळ्यात कमी पकडतात. मला ही दुसरी रीत आवडते. त्यात एक स्वर हुकला तर ओळ पेटीसकट पुन्हा घ्यावी लागते, पण तुझं गाणं आणि तुझी बोटं एकाच वेळी श्वास घेतात ते ऐकू येतं.

आता गोम. सगळ्यात स्वस्त इंटरफेसच्या तोंडावरही दोन भोकं असतात आणि दुकानदार ते 'टू इनपुट' म्हणूनच देतो. त्याचं खोटंही नसतं. फोकसराइटचा स्कारलेट सोलो, बेहरिंगरचा यूएमसी२२, एम-ऑडिओचा एम-ट्रॅक सोलो, या तिन्हींत माइकची जागा एकच आहे. दुसरी फक्त गिटार किंवा लाइनसाठी. तू आणि भाऊ एवढंच असतं तर चाललं असतं. बाबांचा माइक लावायला जागा उरत नाही. मित्राची लाल डबी म्हणजे स्कारलेटच. चांगलीच आहे, पण डोळे मिटून घेऊ नकोस, डोळे उघडून नाव वाच: सोलो नको, २आय२.

माइकच्या दोन जागा असलेल्यांत एम-ऑडिओचा एम-ट्रॅक ड्युओ स्वस्त पडतो, पण तो १६ बिटवर थांबतो आणि तुला २४ बिटची गरज आहे, का ते पुढे सांगतो. त्याच्या वर बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी. इथे पुन्हा नाव नीट वाच, २२ आणि २०२ मध्ये पुष्कळ लोक फसतात. त्याच्या वर ऑडिएंटचा इव्हो ४ आणि आर्टुरियाचा मिनीफ्यूज २. आणखी वर स्कारलेट २आय२, ज्याची तिसरी पिढी २०१९ ची आणि चौथी २०२३ ची. त्याच्याच आसपास मोटूचा एम२, ज्याच्या तोंडावर छोट्या पडद्यात लेव्हल दिसते. ड्युओ सोडून हे सगळे २४ बिटचे आहेत, सगळ्यांत ४८ व्होल्टची फँटम पॉवर (काही माइकना केबलमधूनच लागणारी वीज) आहे, सगळ्यांत गिटार थेट लागते. यातल्या कुठल्याही एकावर रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकून तो कुठला होता हे ओळखून दाखवणारा माणूस मला भेटलेला नाही. ओळखतो म्हणणारे मात्र पुण्यात चौकाचौकांत आहेत.

तुझ्यासाठी माझं मत: नवा घ्यायचा तर यूएमसी२०२एचडी. दिवाळीच्या सेलमध्ये इव्हो ४ आवाक्यात आला तर तो. इव्होमध्ये 'स्मार्टगेन' आहे. बटण दाबून दोघांनी काही सेकंद गायचं-वाजवायचं, गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, तो स्वतः लावतो. तुमच्या घरात रेकॉर्डिंगवालीच गाणारी आहे, पेटीवरचा हात काढून नॉब फिरवायला तिसरं माणूस नाही, तेव्हा ही सोय नुसती चैन नाही. मिनीफ्यूज २ मध्ये मिडीच्या गोल जागा जास्तीच्या आहेत. जुना कीबोर्ड जोडायचा नसेल तर त्यांचा तुला उपयोग नाही.

दुकानदाराचं १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे १ लाख ९२ हजार नमुने, सोडून दे. ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो आणि माणसाचा कान तरुणपणीही २० च्या पुढे जात नाही. सीडी ४४.१ वर चालली, व्हिडिओचं काम ४८ वर चालतं. तू ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट लाव आणि विसरून जा. एका माइकचा एक मिनिट त्यात साधारण साडेआठ एमबी घेतो. १९२ वर तोच चौपट होतो आणि ८ जीबीच्या लॅपटॉपला धाप लागते.

बिटचं तसं नाही, तिथे फायदा खरा आहे. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलपर्यंत मावतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. १४४ प्रत्यक्षात कुठल्याही यंत्रात मिळत नाही, पण त्या मोकळिकीमुळे गेन भीतभीत कमी ठेवला तरी बिघडत नाही. तबल्याला हे फार लागतं. थाप एका क्षणात उसळते, मीटरचा काटा दिसेपर्यंत फाटून गेलेली असते, आणि फाटलेली थाप दुरुस्त होत नाही. तेव्हा बाबांना त्यांची सगळ्यात जोरकस लग्गी वाजवायला सांग, तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लाव, आणि मग त्याला हात लावू नकोस. साउंड चेकला माणूस हळू वाजवतो आणि रंगात आल्यावर जोरात, हे बाबांनाही लागू आहे. स्मार्टगेन वापरलंस तरी त्या काही सेकंदांत जोरकसच वाजवायला लाव. यंत्राला पुढची लग्गी माहीत नसते.

व्हिडिओतल्या प्रीअँपबद्दल. प्रीअँपची खरखर ही खरी गोष्ट आहे, पण आकड्यांत बघ. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० या लोकप्रिय कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणाऱ्या, फँटमवर चालणाऱ्या) माइकची स्वतःची खरखर २० डेसिबलच्या आवाजाएवढी आहे. रस्त्यालगतची खोली रात्रीसुद्धा त्याच्या बरीच वर असते. स्वस्त प्रीअँप आणि महाग प्रीअँप यांच्यातला फरक या दोन्हींच्या खाली दबून जातो. एकाच ठिकाणी प्रीअँपचा गेन खरोखर अपुरा पडतो: प्रत्येक पॉडकास्टवाल्याच्या तोंडासमोर दिसतो तो शूरचा एसएम७बी. त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो. हळू गाणाऱ्याला स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीतले ५६ कमी पडतात. तो माइक तुझ्या बजेटात नाही, त्याची स्वस्त नक्कल घेऊ नकोस, झालं.

मंडळाचा माइक चालेल. डायनॅमिक असणार, तोंडाजवळ धरून गायला बनवलेला, आणि रस्त्यालगतच्या फ्लॅटला तोच योग्य, कारण जवळून गायलं की गेन कमी लागतो आणि बाहेरची पीएमपीची बस त्याच प्रमाणात मागे राहते. महाग कंडेन्सर तुझ्या आवाजाबरोबर शेजारच्यांची कुकरची शिट्टीही तितक्याच बारकाईने टिपेल.

मात्र त्या माइकची केबल बघ. मंडळांच्या माइकला एका टोकाला तीन पिनांचा कॅनन (एक्सएलआर) आणि दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा पी-३८ (गिटारला असतो तसा जाड जॅक) असतो, कारण तो अँप्लिफायरच्या भोकात जातो. इंटरफेसचं भोक असं असतं, की त्यात कॅननही जातो आणि पी-३८ ही. पी-३८ घातलास तर बसेल, कुरकुर करणार नाही, पण आवाज माइकच्या प्रीअँपमधून न जाता लाइनच्या वाटेने जाईल आणि गेन पूर्ण फिरवूनही कुजबुज ऐकू येईल. 'इंटरफेस खराब निघाला' म्हणून परत आलेल्या कितीतरी डब्यांचं कारण एवढंच असतं. दोन्हीकडे कॅनन असलेल्या दोन केबल घे. इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं असलेल्या तपकीर गल्लीत तयार मिळतील किंवा समोर बसून जोडून देतील. केबल कायमची जोडलेला, शेपटीवाला माइक निघाला तर टोकाचा पी-३८ कापून कॅनन लावून घे, आधी आईची परवानगी काढून.

भावाची गिटार याच्या उलट. ती पी-३८ नेच लागते, पण इंटरफेसवर 'इन्स्ट' बटण असेल तर ते दाबायला हवं. पिकअपला एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. बटण न दाबता लावली तर गिटार पातळ आणि निर्जीव वाटते, आणि मग दोष पिकअपला दिला जातो.

दुसरा माइक तबल्यासाठी घ्यावा लागेल. बेहरिंगर एक्सएम८५०० सारखा स्वस्त डायनॅमिक पुरे. शूरचा एसएम५८ जमला तर आनंदच आहे, पण त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत, अगदी खोक्यासकट. खऱ्या एसएम५८ चं वजन २९८ ग्रॅम आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो नुसता ठेवलास तरी बऱ्याच नकला उघड्या पडतात. बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. आणि ऑनलाइन दिसतात ती 'माइक, स्टँड, जाळी, साउंड कार्ड सगळं एकत्र' अशी खोकी पूर्ण टाळ.

पैशांची वाटणी अशी धर: १५ पैकी ९ पर्यंत इंटरफेस, उरलेल्या ६ मध्ये एक माइक, एक स्टँड, दोन केबल आणि बंद कपांचा एक हेडफोन. बंद कपांचा अशासाठी, की उघड्या हेडफोनमधून निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. स्टँडमध्ये कंजूषपणा नको. ढिला स्टँड ऐन टेकमध्येच तबल्यावर मान टाकतो. सॉफ्टवेअरला पैसे ठेवू नकोस. यातल्या बहुतेक इंटरफेसबरोबर एखादं हलकं सॉफ्टवेअर येतंच, आणि रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. माझं रोजचं काम रीपरवर चालतं, त्यामुळे हे मत थोडं एकांगी समज.

आवाज उशिरा ऐकू येतो या तक्रारीबद्दल तू विचारलं नाहीस, पण पहिल्याच रात्री ती येणार आहे. माइकमधला आवाज लॅपटॉपात जाऊन परत कानात यायला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर (लॅपटॉप एका वेळी उचलतो तेवढे नमुने) म्हणजे जाताना सव्वापाच मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर इंटरफेसचे स्वतःचे. आवाज एका मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे बाबांना आपलाच तबला चार मीटरवर कुणीतरी वाजवतंय असं वाटेल. उपाय इंटरफेसवरच आहे: 'डायरेक्ट मॉनिटर'. ते चालू केलं की माइकचा आवाज लॅपटॉपात न शिरता सरळ हेडफोनला जातो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद कर, नाहीतर दोन्ही ऐकू येतात आणि प्रत्येक बोल दोनदा वाजतो. विंडोजला कंपनीच्या साइटवरून तिचा एएसआयओ ड्रायव्हर आधी टाकून घे. नुसती यूएसबी जोडली तरी आवाज येतो, त्यामुळे ड्रायव्हर राहून गेल्याचं लक्षात येत नाही, उशीर मात्र वाढलेला असतो.

एकत्र टेकला याची काळजीच नाही. समोरासमोर बसलात की एकमेकांचं हवेतूनच ऐकता. फक्त तानपुरा कानात हवा. ॲप स्पीकरवर लावू नकोस, तो दोन्ही माइकमध्ये जाईल आणि नंतर पुन्हा गायची वेळ आली की जुना तानपुरा तबल्याच्या ट्रॅकमध्ये अडकलेला सापडेल. मोबाइलला दोन हेडफोनचा साधा स्प्लिटर लाव, दोघांनी एकेका कानात तानपुरा घ्या, दुसरा कान मोकळा ठेवा. गाण्यात तानपुरा नंतर स्वतंत्र ट्रॅक म्हणून घालता येतो.

त्याआधी सूर जुळवायचा तो पेटीला. ॲपला वाटतं काळी चार म्हणजे काळी चार. तुझ्या पेटीच्या पट्ट्या वयाप्रमाणे थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असणार, आणि त्या तुला घरी बदलता येत नाहीत. ॲपमध्ये बारीक फरक करायची सोय असते, तानपुरा पेटीवर आण, मग बाबा तबला लावतील, मग भाऊ गिटार. भाऊ ट्यूनर बघून बसला असेल तर त्याला उठव. पावसाळ्यात शाई-चाट ओल धरते, तबला दोन टेकमध्येच उतरतो. दर टेकआधी पुन्हा लावायला बाबांना वेळ दे आणि तेव्हा घाई करू नकोस.

खोलीवर एक पैसाही न घालता बरंच होतं. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये हे सोपं नाही, माहीत आहे, म्हणून पहाटे साडेपाच ते सात ही वेळ धर. रस्ताही तेव्हाच गप्प असतो. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून गा, कारण माइक तुझ्याकडे बघतो, म्हणजे तुझ्या मागे जे आहे त्याकडे बघतो. बाबांच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टाक. तबला खोलीच्या कोपऱ्यात नको, कोपरा डग्ग्याला फुगवतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर हात जोड; त्याने डग्ग्याच्या घुमण्यावर काही होत नाही आणि घर पोल्ट्रीसारखं दिसतं.

हेडफोनमध्ये सतत 'हूंऽऽ' असा खर्ज ऐकू आला तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. थांबला तर बॅटरीवर रेकॉर्ड कर, विषय संपला. नाही थांबला तर सगळं एकाच पॉवर स्ट्रिपवर आण आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घे. अर्थिंगची तिसरी पिन कापून गुणगुण घालवायचा जुगाड कुणी सुचवेल. तो जिवावरचा आहे, करू नकोस.

जुना इंटरफेस अवश्य बघ. स्कारलेट २आय२ ची तिसरी पिढी पुण्यात वापरलेली सहज मिळते. लोक हौसेने घेतात आणि नोकरी बदलली की विकतात. विकणाऱ्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप, माइक आणि कॅनन केबल घेऊन जा. दोन्ही जागांवर माइक लावून रेकॉर्ड कर. गेनचे नॉब हळू फिरव, मध्ये खरखर आली तर भाव कमी कर किंवा सोडून दे. फँटम लागते का, ते कंडेन्सर माइक नसेल तर कळत नाही. कुणाकडून तासाभरासाठी माग. यूएसबीची जागा बोटाने हलवून बघ, रेकॉर्डिंग तुटलं तर सरळ उठ. सोबतचं सॉफ्टवेअर पहिल्या मालकाने आपल्या नावावर घेतलेलं असतं, त्याचे पैसे देऊ नकोस. आणि कितीही मोठं नाव आणि कितीही स्वस्त असो, फायरवायरवाला इंटरफेस घेऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपला तशी जागाच नसणार.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. चाल सुचली की मोबाइल, हेच बरोबर आहे. इंटरफेस काढून जोडेपर्यंत चाल पळून जाते. मोबाइल कमी पडतो तो तू लिहिलंस तिथेच: थाप जोरात आली की तो आपोआप गेन खाली ओढतो आणि तुझा आवाज त्याबरोबर खाली जातो. बाबांना हे समजावत बसण्यापेक्षा पहिला एकत्र टेक झाला की हेडफोन त्यांच्या डोक्यावर घाल आणि नुसत्या तबल्याचा ट्रॅक ऐकव. स्वतःचा डग्गा स्वच्छ ऐकलेला तबलजी खर्चाबद्दल पुन्हा बोलत नाही.

स्पीकर या वर्षी नकोत. या खोलीत ते तुला खोटंच सांगतील. हेडफोनवर मिक्स कर, आवाज थोडा कमीच ठेवून, दुसऱ्या दिवशी तेच गाणं हिंजवडीला जाताना साध्या इअरफोनवर ऐक, आणि घरी गाडी असेल तर एकदा गाडीत. तिन्ही ठिकाणी शब्द कळले आणि तबला अंगावर आला नाही, की ते पाठवून दे. मी ऐकतो आणि पेटी किती खाली आणायची ते सांगतो.